थोड्यांचें ऋण

नीतिशास्त्राच्या तासाला एक ठराविक प्रश्न आम्ही प्राध्यापक मंडळी वर्षानुवर्षें मांडीत आलों आहों. जहाज बुडत आहे, होडी एकच आहे आणि माणसें तीस आहेत. तर कोणास वांचवावें? प्रश्न चांगला आहे. त्यानें तास भरतो. परंतु जहाज बुडण्याचा प्रसंग आपल्यापैकीं कितीजणांच्या वांट्यास येतो? थोड्यांसाठीं इतरांनीं किती झीज सोसावी, हा प्रश्न आयुष्यांत येतो तेव्हां फार क्षुल्लक वेष घेऊन येतो. गेल्या पावसाळ्यांत माझ्या घरीं तो चक्क एका खेळाच्या रूपानें आला.

माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं आमच्याकडे राहतो. एके रात्रीं एक वाजून गेल्यावर त्याच्या खोलींत दिवा दिसला म्हणून मी डोकावलों. स्वारी संगणकापुढें बसून इंग्रजींत कांहीं लांबलचक लिहीत होती. परीक्षेची तयारी चालली असावी, अशी माझी भाबडी समजूत झाली. विचारलें तेव्हां कळलें कीं, एका खेळांत अमुक एका दारापाशीं गेलें असतां सारा खेळच बंद पडतो, आणि हें तो त्या खेळाच्या कर्त्यास कळवीत होता. "एका खेळण्यापायीं मध्यरात्रीं तक्रारअर्ज?" मी थोड्या उपहासानेंच म्हणालों. "तक्रार नाहीं हो काका," तो म्हणाला, "दोष कळवतोंय. आम्ही लिनक्सवाले. आम्हीच नाहीं सांगितलें, तर आमच्यासाठीं पुन्हां कोण खेळ करणार?"

त्याच्या त्या 'आम्ही'नें माझी झोंप उडविली.

ज्या वाचकांचा या विषयाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. संगणक चालविणाऱ्या ज्या मूळ यंत्रणा आहेत त्यांपैकीं घरोघर आढळते ती विंडोज. लिनक्स ही दुसरी. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिच्या गाभ्याचा आरंभ केला; रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ पासून चालविलेल्या मुक्त आज्ञावलींच्या चळवळीशीं तिची सांगड पडली. तिची मूळ आज्ञावली कोणीहि वाचावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, असा तिचा करार आहे. जगांतील सर्वांत बलाढ्य पांचशें संगणक २०१७ पासून झाडून सारे तिच्यावर चालतात. घरीं बसून खेळणाऱ्यांत मात्र तिचे उपासक मूठभर. स्टीम नांवाची खेळांची जी मोठी पेठ आहे, तिच्या गिऱ्हाइकांत लिनक्सवाले बरीच वर्षें शंभरांत एकाच्या आसपास होते. २०२५ सालीं ते तिनाच्या घरांत गेले.

आतां खेळ करणाऱ्यांकडे पाहा. मोठ्या कंपन्यांची गोष्ट सोडून द्यावी; त्यांच्याकडे हिशेबनीस असतात आणि निर्णय तेच घेतात. परंतु ज्यांना स्वतंत्र खेळकर्ते म्हणतात ते बहुधा एकटेदुकटे, फार तर चारपांच माणसांचे मेळ असतात. चित्रें तेच काढणार, आज्ञावली तेच लिहिणार आणि गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरेंहि तेच देणार. लिनक्सचीं रूपें अनेक, चित्रफलक हलविणाऱ्या आज्ञावली निरनिराळ्या. आज चाललेला खेळ उद्यां चालेल याची शाश्वति कमी. अशा माणसानें शंभरांतील तिघांसाठीं आपलें घामाचें पाणी कां करावें?

बेंथॅमला विचाराल तर त्याचें उत्तर तयार आहे. पुष्कळांचें पुष्कळ सुख हें माप एकदां हातीं घेतलें कीं, सत्त्याण्णव आणि तीन यांत तोलण्यासारखें राहतेंच काय? हें उत्तर निर्दयपणाचें आहे असेंहि मी म्हणणार नाहीं. 'प्लॅनेटरी ॲनायहिलेशन' नांवाच्या खेळावर काम केलेल्या एका आज्ञावलीकारानें पुढें कांहीं वर्षांनीं लिहिलें कीं, विक्रींत लिनक्सचा वांटा हजारांत एकाहूनहि कमी होता. उलट खेळ कोसळल्याच्या आपोआप येणाऱ्या नोंदी आणि मदतीचे अर्ज यांत मात्र पांचांत एकाहून अधिक. पुन्हां प्रसंग आला तर आपण लिनक्सच्या वाटेस जाणार नाहीं, असें त्यानें स्पष्ट म्हटलें. रात्रीं जागून दुसऱ्याच्या यंत्रांतील बिघाड ज्यानें निस्तरला आहे, त्याच्या या उद्गारावर आरामखुर्चींत बसून नाक मुरडणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

परंतु हाच हिशेब दुसऱ्या एका माणसानें मांडला, आणि त्यांतून निराळेंच निघालें. 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' हा शनीच्या कड्यांत खाणकाम करण्याचा खेळ. त्याच्या कर्त्यानें ऑक्टोबर २०२१ मध्यें आपले आंकडे उघड केले. बारा हजारांहून थोड्या अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यांतील सुमारें ७०० लिनक्सवाल्यांनीं घेतलेल्या, म्हणजे शेंकडा ५.८. दोषांचीं पत्रें एकूण हजारावर. त्यांपैकीं सुमारें ४००, म्हणजे शेंकडा ३८, याच मूठभरांचीं. येथपर्यंत वाचणारा म्हणेल, हें तर पहिल्याचेंच रडगाणें. पण कर्त्यानें ती चारशें पत्रें चाळून पाहिलीं. त्यांतले केवळ लिनक्सवरच उद्भवणारे दोष निघाले तीन! बाकीचे सारे सर्वांनाच छळणारे होते; विंडोजवाले ते मुकाट्यानें सोशीत होते किंवा खेळ मिटून निघून जात होते, इतकेंच. शिवाय पत्रांची जातहि निराळी. "खेळ बिघडला" एवढेंच लिहून मोकळें व्हावयाचें नाहीं. काय केलें, कोणत्या क्रमानें केलें, यंत्रानें कोणती नोंद ठेवली, तेंच पुन्हां केल्यास तसेंच होतें कीं नाहीं, सारें बैजवार. एखाद्या चांगल्या वैद्यापुढें शहाण्या रोग्यानें आपली प्रकृति सांगावी तसें.

ही शिस्त त्यांना कोठून आली, याचें उत्तर अवघड नाहीं. ज्या यंत्रणेची दुरुस्ती वापरणाऱ्यांच्याच हातीं आहे, तेथें दोष नीट सांगतां येणें हा त्या समाजांत शिरण्याचा उंबरठाच असतो. गिऱ्हाईक म्हणून आलेला मनुष्य तेथें नकळत कारागीर होतो. पहिल्या आज्ञावलीकाराला आलेल्या तक्रारी बहुतेक चित्रफलकाच्या आज्ञावलींपायीं होत्या, म्हणून त्याचाहि अनुभव खोटा ठरत नाहीं. मात्र किती पत्रें आलीं एवढेंच जो मोजतो, त्याला पत्रांत काय आहे तें दिसत नाहीं.

पैशाचाहि पुरावा आहे. 'वर्ल्ड ऑफ गू' हा दोघां मित्रांनीं केलेला खेळ २००८ मध्यें निघाला. फेब्रुवारी २००९ मध्यें त्याची लिनक्सची प्रत आली, त्या दिवशीं त्यांच्या स्वतःच्या दुकानांत त्यापूर्वींच्या कोणत्याहि दिवसापेक्षां अधिक विक्री झाली. पुढें मे २०१० मध्यें 'हम्बल इंडी बंडल' या नांवानें पांच स्वतंत्र खेळांचा संच विक्रीस निघाला, आणि किंमत गिऱ्हाइकानें ठरवावी, वाटल्यास एक सेंट द्यावा, अशी मुभा ठेवण्यांत आली. लिनक्सवाल्यांनीं सरासरीनें विंडोजवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट दिलें. ज्यांना लोक 'फुकटे' समजत होते, ते हे! त्याच वेळीं एक सेंटहि न देतां चोरून खेळ उतरवून घेणारे शेंकडा पंचवीस तरी असावेत, असा विक्रेत्यांचा अंदाज होता. मनुष्यस्वभावाचें हें दर्शनहि विसरूं नये.

लिनक्सवाल्यांना संत ठरविण्याचा माझा विचार नाहीं. त्यांच्यांत भांडखोर आहेत. उत्तर दुसऱ्या दिवशीं आलें नाहीं म्हणून कर्त्याची अब्रू काढणारे आहेत. दुप्पट किंमत देण्यांतहि "आम्हांला मोजा" असा आग्रह, क्वचित् मिरवण्याची हौस, असलीच पाहिजे. कांटच्या कसोटीला हें दान टिकणार नाहीं. पण मिश्र हेतूंचें नाणें बाजारांतून काढून टाकलें, तर व्यवहाराला नाणेंच उरणार नाहीं, असें मला वयाच्या या टप्प्यावर वाटूं लागलें आहे.

मात्र येथेंच माझ्या विचाराला एक ठेंच लागली. मीं आतांपर्यंत जें सांगितलें, त्याचें सार काय? लिनक्सवाले थोडे असले तरी उपयोगी आहेत. दोष हुडकून देतात, पैसे अधिक देतात. म्हणजे बेंथॅमला दारांतून हांकलून मीं खिडकींतून आंत घेतला! ते लिनक्सवाले वाईट पत्रें लिहिते, तर त्यांचा हक्क संपला असता काय?

ही ठेंच मला ओळखीची होती. मी शिकवितों त्या महाविद्यालयांत कांहीं वर्षांपूर्वी तत्त्वज्ञानाचा विशेष विषय, पटावर विद्यार्थी थोडे म्हणून, बंद करण्यांत आला. शेवटीं वर्गांत चौघे होते. मंडळापुढें मीं जोरानें प्रतिपादन केलें कीं, हे चौघे वक्तृत्वाचीं बक्षिसें आणतात, ग्रंथालयाचा सर्वांत अधिक लाभ हेच घेतात, तेव्हां संस्थेच्या लौकिकास ते उपकारक आहेत. ठराव माझ्याविरुद्ध गेला. त्याचें दुःख आतां ओसरलें. माझा युक्तिवाद मात्र अजून सलतो. ते चौघे मंदबुद्धि असते, तर त्यांना दिलेला शब्द मोडण्यास मी मोकळा झालों असतों काय? तसें मला वाटत नव्हतें. तरी मीं बोलून दाखविलें तें तसेंच.

तेव्हां ऋण कशानें उत्पन्न होतें? माझ्या मतें शब्दानें. लिनक्ससाठीं खेळ न करणारा कोणाचा अपराधी नाहीं. प्रत्येकानें प्रत्येकासाठीं सर्व कांहीं करावें असा धर्म कोठेंहि सांगितलेला नाहीं. परंतु 'तुमच्यासाठीं आहे' असें म्हणून पैसे घेतले कीं गोष्ट पालटते. 'रॉकेट लीग' हा खेळ २०१६ मध्यें लिनक्सवर आला. २०२० मध्यें त्याच्या कर्त्यांनीं मॅक आणि लिनक्स या दोहोंवरील खेळणारे मिळून शेंकडा ०.३ देखील नाहींत, असें सांगून तो आधार काढून घेतला. मागणाऱ्यांना पैसे परत देण्याची तजवीज त्यांनीं केली, ही गोष्ट त्यांच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. पण खेळ म्हणजे विकत घेतलेली वस्तुच नव्हे. त्यांत खेळगडी असतात, कमावलेलें कौशल्य असतें, चार वर्षांच्या संध्याकाळी असतात. त्या कोणत्या पावतीवर परत मिळतात?

शब्द पाळण्याच्या नादांत बुडालेलेहि आहेत. अमेरिकेंतील लोकी या कंपनीनें १९९८ पासून इतरांचे खेळ लिनक्सवर आणण्याचा उद्योग मांडला, आणि २००२ च्या आरंभीं ती बंद पडली. हिशेबाच्या वहींत ती शून्य. पण तेथील सॅम लँटिंगा यांनीं लिहिलेली एसडीएल नांवाची आज्ञावली आज असंख्य खेळांच्या पायाशीं आहे, आणि तेथेंच काम केलेले रायन गॉर्डन पुढें वर्षानुवर्षें स्वतंत्र कर्त्यांचे खेळ लिनक्सवर नेत राहिले.

अलीकडे या साऱ्या प्रश्नाचा पायाच हालला आहे. स्टीम चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनें २०१८ मध्यें प्रोटॉन नांवाचा दुभाषी आणला. विंडोजसाठीं केलेला खेळ तो लिनक्सवर चालवून दाखवितो. कंपनीचें २०२२ मध्यें निघालेलें हातांतील खेळयंत्रहि त्याच्याच जोरावर चालतें. आतां कर्त्यानें बोटहि हलविलें नाहीं तरी लिनक्सवाला खेळतो. पुतण्या म्हणतो, हेंच उत्तम. कर्त्यानें ओढून-ताणून केलेल्या लिनक्सच्या प्रतीपेक्षां दुभाष्यामार्फत आलेली विंडोजची प्रत पुष्कळदां सरस चालते. तें खरेंहि असेल. आपल्या हातानें वाईट वाढण्यापेक्षां दुसऱ्याच्या हातचें चांगलें मिळूं द्यावें, यांत अधर्म नाहीं. माझी हुरहूर निराळी आहे. वाढणारा दुसरा असला, तर जेवण बिघडल्यावर बोलावयाचें कोणापाशीं? कांहीं कर्ते सरळ सांगतात, तुमच्या यंत्रणेची हमी आम्हीं घेतलेली नाहीं. इतर म्हणतात, हमी नाहीं, पण पत्र लिहा, वाचूं. या दोन वाक्यांत मला फार अंतर दिसतें. दुसऱ्यानें निराळी प्रत केलेली नाहीं, निराळा खर्च केलेला नाहीं. तरी त्यानें मनुष्याला दारांत उभें राहूं दिलें आहे.

परवां रात्रीं पुन्हां त्याच्या खोलींत दिवा होता. या वेळीं मी खुर्ची ओढून शेजारीं बसलों. त्यानें आपलें जुनें पत्र मला वाचावयास दिलें. दाराचा क्रमांक, पावलांचा क्रम, यंत्राची नोंद. माझ्या कित्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांहून तें नेटकें होतें. "उत्तर आलें का रे?" मीं विचारलें.

"नाहीं अजून. एकटाच माणूस आहे तो, वेळ लागणार," तो म्हणाला. मग जरा ओशाळून पुढें म्हणाला, "आणि काका, तिसऱ्या पायरींत माझीच चूक होती. तेवढी दुरुस्ती कळवतों आणि झोंपतों."