अक्रोडाची पारख

काश्मीरच्या बाजारात अक्रोडाचे तीन प्रकार सांगतात: कागजी, बुरझूल आणि वंथ. कागजीचे कवच बोटांच्या दाबाने फुटते, बुरझूलला जोर लावावा लागतो, वंथला दगडच हवा. फळाची ही पहिली परीक्षा खाणाऱ्याच्या बोटांनी घेतली. नवी जात काढू पाहणारा संशोधक तेच काम ताजवा आणि मोजपट्टी घेऊन करतो. अख्ख्या फळाचे वजन, त्यात गर किती टक्के, कवच किती जाड, गराचे अर्धे भाग न मोडता निघतात का, आणि शेवटी गराचा रंग.

कवच जितके पातळ तितके बरे, असा सरळ हिशेब मात्र इथे चालत नाही. दोन शकलांची सांध कच्ची राहिली की अळी आत शिरते, बुरशी धरते. गरात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते आणि तेही लवकर खवट होणारे. तेव्हा माणसाला चटकन उघडावे आणि किडीला मुळीच उघडू नये, असे फळ संशोधकाला हवे असते. एवढी अवघड मागणी आपण वधूवरांकडूनही करत नाही!

रंगाचे प्रकरण मला अधिक विचारात पाडते. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात सर आणि फोर्ड या दोघा संशोधकांनी 1963 मध्ये केलेल्या संकरातून 'चँडलर' ही जात निघाली. ती बागायतदारांच्या हाती पडली 1979 मध्ये. फांदीच्या टोकाबरोबरच बाजूच्या डोळ्यांवरही ती फळते, वजनाचा जवळजवळ निम्मा भाग गर, आणि तो गर फिकट. आज चिलीच्या बागांतूनही ती पिकते, आणि चिलीचा अक्रोड आपल्याकडच्या दुकानांतही आला आहे. जुना गर काळवंडतो, म्हणून फिकट म्हणजे ताजा, हा बाजाराचा ठोकताळा अगदीच निराधार नाही. पण काही झाडांचा गर ताजेपणीच गडद असतो. डेव्हिसनेच 'रॉबर्ट लिव्हरमोर' ही लाल सालीच्या गराची जात काढली आहे. रंगाला गुण देताना चवीचे गुण कापले जाणार नाहीत, याची खात्री कोण देणार? चव काट्यावर चढत नाही, आणि जे मोजता येत नाही ते तक्त्यात शेवटच्या रकान्यात जाते.

काश्मिरातली जुनी झाडे बहुतेक बियांपासून वाढलेली. एकाच झाडावरची नर आणि मादी फुले सहसा एका वेळी तयार होत नाहीत, परागकण वाऱ्याने दुसरीकडून येतात, म्हणून प्रत्येक बी आईपेक्षा निराळी निघते. अशा झाडांतूनच श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्थेने सरस झाडे निवडून जाती दिल्या. बाजाराला बियांच्या झाडांचा हा सरमिसळ माल आवडत नाही, पण पुढच्या निवडीचे भांडवल तेच आहे.

म्हणून जुनी झाडे जशीच्या तशी ठेवा, असे म्हणणे मला पटत नाही. ती फार उंच वाढतात. फळे झोडपताना माणसे पडतात, अपंग होतात, जिवानिशी जातात. बुटकी, लवकर फळणारी कलमे तिथे हवीतच. फक्त एवढे करा: जुने झाड वठण्याआधी किंवा तोडण्याआधी त्याची डोळकाडी घेऊन कुठेतरी कलम बांधून ठेवा, आणि त्याच्या नोंदीत रंगाआधी चव लिहा.