खाली कोणाला ठाऊक आहे?

“जीव माझा, जोखीम माझी, मग तुम्हाला काय त्रास?” डोंगरात एकट्यानं जाणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. ऐकायला ते बिनतोड वाटतं. मी कोणाच्या अंगावर गाडी घालत नाही, कोणाचे पैसे बुडवत नाही. पडले तर मी पडेन, लागलं तर मला लागेल. तरीही हे वाक्य ऐकणारा माणूस गप्प होतो पण त्याला ते पटलेलं नसतं. हे का होतं, याचा छडा लावायचा हा प्रयत्न आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एक वाट समोर ठेवू. पुणे जिल्ह्यातले तोरणा आणि राजगड हे किल्ले एका डोंगरधारेनं जोडलेले आहेत. पहाटे वेल्ह्यातून तोरणा चढायचा. मेंगाईच्या देवळावरून कोकण दरवाजानं बुधला माचीकडे जायचं, तिथून धारेवर उतरायचं आणि चढ-उतार करत राजगडाची संजीवनी माची गाठायची. मधे एका खिंडीत वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो. तेवढंच एक ठिकाण असं, जिथून सहज माघारी फिरता येतं. तोरण्याची उंची १४०३ मीटर आहे. ही वाट तांत्रिक गिर्यारोहणाची नाही, पण बुधल्याकडून उतरताना कातळाला हात रोवावे लागतात, पुढे घसारा आहे, काही जागी दोन्ही बाजूंना उतार सुटलेला दिसतो. मराठी ट्रेकर याला दृष्टिभय म्हणतात. पायाखाली जागा पुरेशी असते, पण डोळ्यांना ते पटत नाही.

ही वाट मी जानेवारीत एकटीनं, एका दिवसात केली आहे. एकटीनं जाण्यात मिळतं काय, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा हिशोब एकतर्फी होईल.

आठ जणांच्या ग्रुपमध्ये पुढचा ज्या खोबणीत पाय ठेवतो तिथंच मागचा ठेवतो. उशीर झाला, पाणी संपत आलं, तरी “एवढे सगळे चाललेत म्हणजे ठीकच असेल” असं प्रत्येकाला वाटतं. परत फिरू या, असं पहिल्यांदा म्हणायची कोणाची तयारी नसते. एकटं असलं की ही सोय संपते. हा दगड हलतोय का, हे मलाच बघायचं असतं. पाणी किती उरलंय, पाय थकलेत की नुसता कंटाळा आलाय, हे मलाच ठरवायचं असतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथं माझ्या कोडची एक ओळसुद्धा दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. ते तसंच असायला हवं. पण वर्षातले काही दिवस तरी असे असावेत की निर्णय आणि तो घेणारा माणूस यांच्या मधे कोणी नाही. धारेवर ते मिळतं. फोटोत ते दिसत नाही.

आता दुसरी बाजू. समजा, बुधल्याखालच्या घसाऱ्यावर माझा घोटा मोडला. रेंज असली तर फोन लागेल. मग काय होईल? महाराष्ट्रात डोंगरातली बचावकार्यं मुख्यतः स्वयंसेवी गिर्यारोहक आणि पायथ्याच्या गावांतली माणसं करतात. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही त्यातली एक ठळक संस्था. ही माणसं नोकरी, दुकान, शेती सोडून येतात. मला खाली आणायला त्यांना त्याच घसाऱ्यावर उभं राहावं लागेल, बहुधा अंधारात, आणि स्ट्रेचरचं वजन पेलत.

म्हणजे निर्णय माझ्या एकटीचा होता, परिणाम मात्र वाटला गेला. “जीव माझा” या वाक्यातली गफलत इथं आहे. जीव माझा आहे हे खरंच. पण तो धोक्यात आला की हाक ऐकून येणाऱ्यांचा जीवही त्याच जागी पणाला लागतो, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

कोणी म्हणेल, हायवेवर बाइक चालवणाराही हेच करतो. पूर्णपणे नाही. अपघातानंतर येणाऱ्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला पगार आहे, ड्यूटीचे तास आहेत, त्याच्या चाकाखाली रस्ता आहे. आणि स्वयंसेवकांनी निदान स्वतःहून नाव तरी नोंदवलेलं असतं. पायथ्याच्या वाडीतल्या माणसानं तेही केलेलं नसतं. वाट त्याला माहीत आहे, एवढ्याच कारणानं त्याला उठावं लागतं. तो नाही म्हणू शकतो असं कागदावर म्हणता येईल. दरीतून कोणीतरी हाका मारत असताना नाही म्हणणं ज्याला जमत नाही, अशा माणसाच्या चांगुलपणावर आपण परस्पर उधारी करत असतो.

जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’मध्ये पुलाचं एक उदाहरण दिलं आहे. पूल धोक्याचा आहे आणि एक माणूस त्यावर पाऊल टाकतोय. सांगायला वेळच नसेल तर त्याला धरून मागे ओढणं योग्य आहे, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नाही. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसता धोका असेल, तर त्याला सावध करावं, अडवू नये. धोका पत्करावा की नाही हे त्यानं ठरवावं. मला हे मान्य आहे. पावसाळ्यात काही ठिकाणी प्रशासन बंदीचे आदेश काढतं, त्यामागची काळजी खरी असते. पण सरसकट बंदीचा एक उलटा परिणाम होतो. जाणारे जातातच, फक्त कोणाला न सांगता जातात. मिलच्या उदाहरणात मला कमी वाटतं ते एवढंच, की पुलाखाली नदीत उडी मारायला कोण उभं आहे, हे त्यात येत नाही.

केरळात मलमपुळाजवळच्या डोंगरात २०२२च्या फेब्रुवारीत एक तरुण कड्याच्या खोबणीत चाळीस तासांहून अधिक काळ अडकला होता. शेवटी लष्करानं त्याला वर काढलं. तो घरून निघाला तेव्हा मित्र बरोबर होते. त्यांना त्याला वर काढता आलं नाही. सोबत असली म्हणजे सुटका झाली, असं नसतं. पण तो नेमका कुठं आहे, हे खाली माहीत होतं.

हीच गोष्ट मला धारेवर एका आजींनी विचारली होती. वाटेवर धनगरांची तुरळक घरं आहेत. तिथं ताक प्यायला थांबले. आजींनी माझ्या मागच्या वाटेकडे बघितलं आणि म्हणाल्या, “एकलीच हायेस व्हय?” मी हो म्हटलं. आता “भ्या नाय वाटत?” किंवा “घरच्यांनी सोडलं कसं?” असं काहीतरी येणार म्हणून मी तयारीत होते. त्या म्हणाल्या, “मंग खाली कुनाला ठावं हाय का, तू हितनं चाललीस ते?”

मी हो म्हटलं, आणि त्यांनी विषय संपवला. त्यांच्या लेखी एकटं असण्यात विशेष काही नव्हतं. गुरं घेऊन त्या आयुष्यभर एकट्याच हिंडल्या असणार. त्यांना फक्त हिशोब पुरा हवा होता.

मुलींसाठी हा प्रश्न जास्त अवघड आहे. कुठं चाललीस, कधी येणार, कोण बरोबर आहे, ही उत्तरं आपण शाळेपासून देत आलेलो असतो, आणि त्या उत्तरांवरून परवानगी मिळणार की नाही हे ठरत असतं. त्यामुळे ‘सांगणं’ आणि ‘विचारणं’ आपल्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसतात. कमवायला लागल्यावर विचारणं सोडलं की त्याच झटक्यात सांगणंही सुटतं, आणि ते स्वातंत्र्य वाटतं. मला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या काढणं हे खरं काम आहे. विचारणं म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या हातात देणं. सांगणं म्हणजे, माझ्या निर्णयाचा जो भाग तुमच्यावर येऊन पडू शकतो, तो लपवून न ठेवणं.

एकांताची ओढ आपल्याला परकी नाही. तुकोबा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन बसत. परंपरेत ही गोष्ट जशी सांगितली जाते तशी त्यात आवलीही आहे. ती घरातलं आवरून, भाकरी बांधून, तुकोबांसाठी डोंगर चढत असे. तिच्या पायात काटा मोडतो आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो. लहानपणी या गोष्टीत मला विठ्ठल दिसायचा. आता भाकरी दिसते. डोंगरावरचा एकांत कोणाच्या तरी पायांवर उभा होता, आणि ही गोष्ट सांगणाऱ्यांनी तो काटा वगळला नाही.

मग करायचं काय? आमच्या कामात एक साधी युक्ती असते. दूरचा सर्व्हर ठराविक वेळानं ‘मी चालू आहे’ असा संदेश पाठवत राहतो. तो आला नाही की अलार्म वाजतो. सगळं ठीक आहे की नाही, याचा अंदाज कोणाला बांधत बसावा लागत नाही. मी आईला वाट लिहून देते: कुठून चढणार, कुठं उतरणार, किती वाजेपर्यंत मेसेज येईल, आणि नाही आला तर कोणाला फोन करायचा. काळजी याने संपत नाही, पण तिला काठ येतो. दिवसभर पसरलेली भीती संध्याकाळी सातपाशी गोळा होते.

यालाही किंमत आहे. सातचा शब्द दिला की दुपारचा एकही ठरतो. मागच्या वर्षी पुन्हा त्याच वाटेनं गेले तेव्हा खिंडीत पोहोचायला दोन वाजले होते. पाय ठीक होते, पाणी होतं, संजीवनी माची समोर उन्हात स्पष्ट दिसत होती. रेटून गेले असते तर कदाचित पोहोचलेही असते. मी डांबरी रस्त्यानं वेल्ह्याकडे चालू लागले. तो निर्णयही माझ्या एकटीचाच होता, आणि कातळावरच्या कुठल्याही पावलापेक्षा जड गेला.

पुढे गेले असते आणि सुखरूप उतरले असते, तर फोटोखाली “जबरदस्त” असं लिहिलं गेलं असतं. पडले असते, तर त्याच निर्णयाला “अतिउत्साह” म्हटलं गेलं असतं. नैतिक नशीब या विषयावर बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली लिहिलं, ते याच विसंगतीबद्दल. कृती तीच असते, निवाडा मात्र निकाल बघून होतो. म्हणून मी निवाडा परतल्यावर करत नाही, निघताना करते. रात्री मला शोधायला येणाऱ्या माणसाला हा बेत वाचून दाखवता येईल का, एवढं विचारते. त्याला सांगताना खाली बघावं लागणार असेल, तर त्या दिवशी घरी थांबते.

इतकं करूनही हिशोब पुरता जुळत नाही. मी वाट लिहून पाठवते तेव्हा आई फक्त “बरं” असं उत्तर देते. त्या ‘बरं’मध्ये संमती किती आणि नाइलाज किती, हे मला अजून तिला विचारायचं आहे.