उशीर आणि लवकर

वैशेषिक सूत्रांत काळाची थेट व्याख्या सापडत नाही. काळ दिसत नाही. आधीचे-नंतरचे, एकाच वेळी, उशिरा, लवकर असे आपण म्हणतो, त्या खुणांवरून त्याचे अनुमान करायचे, एवढेच सूत्रकार कणाद सांगतात. ऑप्टिकल फायबरच्या टोकाशी असलेल्या रिसीव्हरलाही काळ असाच ओळखावा लागतो.

सेकंदाला 10 अब्ज बिट येत असतील, तर एका बिटच्या वाट्याला 100 पिकोसेकंद येतात. तेवढ्यात प्रकाश काचेतून जेमतेम 2 सेंटिमीटर सरकतो. बिट नीट वाचायचा तर त्याच्या मधोमध पाहायला हवे. पण मध्य दाखवणारे क्लॉक सोबत पाठवलेले नसते. ते येणाऱ्या डेटातूनच हुडकावे लागते.

पुरावा एकच: 0 चा 1 किंवा 1 चा 0 होतो तो क्षण. 1975 साली जे. डी. एच. अलेक्झांडर यांनी मांडलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलात दोन बिटांच्या सीमेवर आणखी एकदा डोकावले जाते. तिथे अजून जुनाच बिट दिसला, तर आपले क्लॉक लवकर. नवा दिसला, तर उशिरा. किती, ते कळत नाही. तरी एवढ्यावर क्लॉकचे ठोके देणारा आतला ऑसिलेटर किंचित मागेपुढे सरकवत राहिले, की तो जुळतो.

बदलच झाला नाही तर? शून्यांची लांबलचक रांग म्हणजे रिसीव्हरपुरता काळच थांबणे. ऑसिलेटर आपल्या चालीने भरकटू लागतो. आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाझेक यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकेतपद्धतीत म्हणूनच 8 बिटांचे 10 होतात आणि पाचाहून अधिक सारखे बिट सलग येत नाहीत. मार्गाची एक पंचमांश क्षमता त्यात खर्ची पडते. मोबदल्यात बदलाची हमी मिळते आणि 0-1 चा तोलही सांभाळला जातो.

खरा पेच विश्वासाचा आहे. प्रत्येक खुणेमागे धावणारे मंडल गोंगाटालाही काळ समजते; फार सावध मंडल पाठवणाऱ्याची खरीखुरी चाल बदलली तरी मागेच राहते. संथ बदल अनुसरावा, झटपट थरथर दुर्लक्षावी, ही सीमारेषा अभियंत्याला स्वतः आखावी लागते. डेटा ती आखून देत नाही.

इथे कणादांशी फारकत होते. त्यांचा काळ एक आणि सर्वव्यापी. इथे मात्र प्रत्येक तारेतून निघालेला काळ निराळा. संगणकातले भाग जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या दोन टोकांची क्लॉक किंचित वेगळी चालली तरी चालते. वाढता फरक जिरवण्यासाठी प्रवाहात अधूनमधून अर्थहीन चिन्हे घातलेली असतात आणि रिसीव्हर गरजेप्रमाणे ती गाळतो किंवा वाढवतो. यंत्रांच्या जगात एकच काळ आयता मिळत नाही. तो तडजोडीने ठरतो आणि त्या तडजोडीसाठी काही जागा अर्थापासून मोकळी ठेवावी लागते.