पंधरा दिवसांची आई

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सुट्टीला बेळगावला आली ती एक छापील अर्ज हातात घेऊनच. बिदरला ती पशुवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दक्षिण आफ्रिकेत सिंहाची अनाथ पिले सांभाळायला पंधरा दिवस स्वयंसेवक म्हणून जायचे, असा तिचा बेत होता. विमानाचे भाडे आपले, आणि वर संस्थेला भरायची रक्कम अशी, की तेवढ्यात एक चांगली मुऱ्हा म्हैस दावणीला यावी. ताईला धास्ती पैशांची, दाजींना परक्या मुलखाची. मला प्रश्न पडला तो निराळाच. सेवेसाठी पैसे घालावे लागतात याचे मला नवल नाही. वारीच्या वाटेवर अन्नदान करणाराही पदरचेच घालतो. पण सिंहाची एवढी पिले दरसाल अनाथ होतात तरी कशी?

शोध घेतला तेव्हा उत्तर मिळाले, आणि ते गिळवेना. त्या देशात हजारो सिंह कुंपणाच्या आत पैदास करून वाढवलेले आहेत. रानातली सिंहीण पिले झाल्यावर दीड-दोन वर्षे पुन्हा माजावर येत नाही. पिले नाहीशी झाली तर मात्र लवकर येते. म्हणून अशा अनेक ठिकाणी पिले काही दिवसांची वा आठवड्यांची असतानाच आईपासून तोडतात. मग त्यांना बाटलीने दूध पाजायला माणसे लागतात, आणि तेथे दूरदेशीची भाबडी मुले पैसे मोजून येतात. पिलू मोठे झाले की पर्यटकांबरोबर फिरते. आणखी मोठे झाले की त्यातले काही कुंपणातच हौशी शिकाऱ्यांच्या बंदुकीपुढे उभे केले जातात, आणि हाडे पूर्वेकडच्या बाजारात जातात. 2017 साली तेथील सरकारने 800 सांगाडे परदेशी पाठवण्याची मुभा दिली होती. 2015 च्या ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने हे सारे जगापुढे मांडले. 2021 साली सरकारने हा धंदा बंद करण्याची शिफारस स्वीकारली. पण स्वीकारणे वेगळे आणि कुंपणे उघडणे वेगळे, हे आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसांना कोणी सांगायला नको.

सगळ्याच संस्था अशा नसतात, हे खरेच. पण माझा प्रश्न वाईट संस्थांविषयी नाही. तो त्या दूध पाजणाऱ्या मुलीविषयी आहे. तिच्या मनात खोट नाही. ती रात्री उठून पिलाला पाजते, निघताना ढसाढसा रडते. तिचे प्रेम खरे आहे आणि त्याच प्रेमावर तो धंदा चालतो. मग दोष कुणाच्या पदरी घालायचा? हेतू शुद्ध होता एवढ्यावर सुटका होते, असे आपण मानत आलो. ज्याने चौकशीच केली नाही, त्याचा हेतू किती शुद्ध म्हणायचा, हे मात्र मला ठरवता आलेले नाही.

केनियात डॅफ्ने शेल्ड्रिक नावाच्या बाई होऊन गेल्या. 2018 साली वारल्या. हत्तीच्या तान्ह्या पिलाला सोसेल असे दूध बनवायला त्यांना अनेक वर्षे लागली. ते जमले तेव्हा त्यांच्याकडे आयेशा नावाचे पिलू होते. 1974 साली लेकीच्या लग्नासाठी बाई काही दिवस दूर गेल्या. दूध तेच होते. पण बाई दिसेनात म्हणून आयेशाने खाणेपिणे टाकले आणि ती गेली. बाईंनी पुढे आपल्या अनाथालयात रीतच पाडली, की कोणतेही पिलू एका माणसाच्या आहारी जाता कामा नये. पिलाजवळ रात्री झोपणारा राखणदार रोज बदलतो. हे राखणदार पगारी, त्याच देशातले, वर्षानुवर्षे टिकणारे. त्यांचे पिलू मोठे होऊन त्साव्होच्या रानातल्या हत्तींत मिसळते. पंधरा दिवसांच्या आईला तेथे काम नाही.

म्हणून परक्याने येऊच नये का? तसेही म्हणवत नाही. चोर्ला घाटाखाली गोव्यातच उलट दाखला आहे. 2013 साली एका ब्रिटिश पशुवैद्याच्या पुढाकाराने ‘मिशन रेबीज’ सुरू झाले. परदेशी डॉक्टर आणि विद्यार्थी सुट्टी टाकून येत, इथल्या माणसांबरोबर जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्री धरीत, लस टोचीत, खूण करून सोडून देत. राज्य सरकारने पाठबळ दिले, आणि 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कुत्र्याला त्या माणसाची माया नको होती, एक सुई हवी होती. ती टोचणारा उद्या मायदेशी गेला तरी कुत्र्याचे काही बिघडत नाही, आणि काम पुढे नेणारे इथलेच लोक मागे राहतात. (त्या कामात छायाचित्र काढण्यासारखेही फारसे काही नसते. जाळ्यातले पिसाळलेले कुत्रे कुणी कुशीत घेत नाही!)

हे सारे मी भाचीला एका संध्याकाळी ओसरीवर सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मामा, आजोबांच्या गोठ्यात काय होत होतं?”

मी गप्प झालो. आमच्या लहानपणी घरी चार म्हशी होत्या. रेडकू नर निघाले की त्याच्या वाट्याला धारेआधीचे चार घोट येत, मग त्याला ओढून खुंट्याला बांधत. बहुतेक वाचत नसत. मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवीत. ती ते चाटत पान्हा सोडी आणि वडील धार काढीत. ते दूध पिऊनच आम्ही भावंडे वाढलो. पेंढ्याचे ते रेडकू ओसरीच्या कोपऱ्यात उभे असे, पावसाळ्यात त्याला कुबट वास येई. आम्हांला त्याची भीती वाटे, पण दया कधी आली नाही.

“अगं, त्याला आम्ही सेवा म्हणत नव्हतो,” मी कसेबसे म्हणालो.

“म्हशीला त्याचं काय?” ती म्हणाली.

तिने संस्थेला पत्र घालून दोनच गोष्टी विचारल्या आहेत: या पिलांच्या आया कुठे आहेत, आणि गेल्या वर्षीची पिले आज कुठे आहेत. उत्तर अजून आलेले नाही. अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात पडून आहे. पैसे भरलेले नाहीत. दिवाळीला ती येईल तेव्हा म्हशीचा विषय पुन्हा निघेल.