शांतता

टिटवाळ्याकडच्या आमच्या शाळेत नववीच्या पोरांची क्रिकेटच्या वर्गणीवरून जुंपली. २०० रुपये कमी भरले, आळ एकावर आला. मी दोघांना हात मिळवायला लावले. "मिटलं आता, गप बसा," म्हणालो. आळ आलेला पोरगा गप बसला, तो पार बोलेनासाच झाला.

पुढं ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या 'वंचितांचा रंगमंच'मध्ये वस्तीतली मुलं आपल्याच जगण्याची नाटकं करताना पाहिली. वाटलं, आपणही काही करून बघावं. मग वर्गात तेंडुलकरांचं १९६७ सालचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' काढलं. त्यातला खटला थट्टेत सुरू होतो आणि बेणारेबाईंच्या खासगी आयुष्यावर घसरतो. त्यांचं म्हणणं मात्र कुणी ऐकत नाही.

आळ घेणाऱ्यालाच मी पिंजऱ्यात उभं केलं. साक्षीदार पोरं ऐकीव गोष्टी रचत गेली, तसा तो कावराबावरा झाला. "सर, मलापण बोलू द्या ना!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मला तरी कुणी विचारलं होतं?"

त्या 'कुणी'त मीही होतो.

आपल्याकडं गप्प बसण्यालाही शांतता म्हणतात आणि तंटा मिटण्यालाही. मास्तर माणसाला पहिलीच सोयीची पडते. त्या दिवशी दोघांचंही ऐकून घेतलं, आधी त्याचं. पैसे कुणी घेतले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. न्याय झाला, असं म्हणवत नाही. पण पोरगा बोलायला लागला. हात मिळवा, असं मात्र मी या वेळी सांगितलं नाही.