औषध न मिळालेले चौघे

शनिवार, २५ मे १९४०. ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीत सकाळी आठ पांढऱ्या उंदरांना स्ट्रेप्टोकॉकस जंतू टोचले गेले, तेही जीव घेतील एवढे. तासाभराने त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं, दोघांना एकदाच आणि दोघांना पुन्हापुन्हा. उरलेल्या चौघांना काहीच दिलं नाही.

पेनिसिलिनवर काम करणारे हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांचा सहकारी नॉर्मन हीटली रात्रभर पिंजऱ्यांपाशी थांबला. कोणता उंदीर कधी मलूल झाला, कधी गेला, याची वेळ टिपत राहिला. पहाटे साडेतीनपर्यंत औषध न मिळालेले चौघेही मेले होते. औषध मिळालेले चौघेही जिवंत होते.

ही गोष्ट सांगताना आपण वाचलेल्या उंदरांविषयी बोलतो. मला मात्र त्या मेलेल्या चौघांचे उपकार मोठे वाटतात. आठही उंदरांना औषध दिलं असतं आणि आठही जगले असते, तर काय कळलं असतं? जंतूच दुबळे असतील, उंदीरच काटक असतील, अशा शंकांना अंत राहिला नसता. पेनिसिलिनच्या बाजूने खरी साक्ष दिली ती ते न मिळालेल्यांनी.

ज्या बुरशीतून पेनिसिलिन मिळतं, ती अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्येच पाहिली होती. तिचा अर्क निरोगी प्राण्यांना टोचून तो विषारी नाही, हेही त्याने तपासलं होतं. पण जंतूंनी आजारी पडलेल्या उंदराला तो टोचून बघणं राहून गेलं. तेवढ्या एका प्रयोगावाचून अकरा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात साध्या जखमा चिघळून माणसं मरतच राहिली. ऑक्सफर्डमध्ये उंदीर निवडले गेले, हेही आपलं नशीब. गिनीपिगला पेनिसिलिन सोसत नाही, तो त्यानेच दगावू शकतो.

म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांना सरसकट क्रूर म्हणणं मला जमत नाही. पण ढिसाळ प्रयोग मात्र मला क्रूर वाटतो. तुलनेला गट नाही, नोंदी अर्धवट, निष्कर्ष काढता येणार नाही इतके थोडे प्राणी किंवा गरज नसताना भरमसाट. अशा प्रयोगात जीव जातो आणि हाती काहीच लागत नाही.

रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन प्रश्न मांडले. प्राण्यांवाचून भागेल का? कमी प्राण्यांत भागेल का? त्यांचा त्रास कमी करता येईल का? आज अनेक प्रयोगशाळांत यांची उत्तरं दिल्याशिवाय प्रयोगाला परवानगी मिळत नाही. जंतुबाधा झालेल्या उंदराचं वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलं, त्याची हालचाल मंदावली, की तेवढी नोंद पुरेशी धरतात आणि त्याला वेदना न होता मरण देतात. तो तडफडून मरेपर्यंत वाट पाहत नाहीत.