वाईट काही नाही

आमच्या पिढीतल्या निम्म्या खेड्याचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं सहा वर्षांचं भरलं पाहिजे, आईबापाला तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि पुढं १ जून टाकून मोकळे व्हायचे. माझाही एक जून, आमच्या मंडळींचाही एक जून. दर साली त्या दिवशी बँक आणि विमा कंपनी दोघांनाही मोबाईलवर शुभेच्छा पाठवतात. आम्ही पेरणीच्या गडबडीत असतो.

हिची खरी तारीख सापडली ती सासूबाईंच्या बोलण्यातनं. त्या कोयना खोऱ्यातल्या. ही 'भूकंपातली पोर' हे सगळ्यांना ठाऊक, पण नेमका दिवस कुणाला नाही. २०२४ च्या दिवाळीत गेलो होतो, भूकंपाचा विषय निघाला. म्हातारी म्हणाली, "हिची पाचवी पुजली, मधी एक रात गेली, अन् दुसऱ्या रातीला पहाटंचं समदं हाललं. पाटा-वरवंटा तिथंच टाकला, पोर पदरात घेतली अन् खळ्याकडं पळाले." ही तेव्हा मागच्या दारी भांडी घासत होती. मी बोटांवर मोजलं. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चारनंतरचा. म्हणजे पाचवी नऊ तारखेला, जन्म पाच डिसेंबरचा. भूकंपाची तारीख अख्ख्या खोऱ्याला पाठ. तिला खेटून बसलेली पोरीची तारीख सत्तावन्न वर्षं कुणी मोजलेली नव्हती.

पुण्याला पोराला फोन करून सांगितलं, आणि तिथंच बेत शिजला. कऱ्हाडला चांगल्या हॉटेलात जेवायचं, पोरगा, सून, नातू थेट तिथं येणार, आईला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही. सरप्राइज. पण हिला घरातनं बाहेर काढायचं कसं? पोरगा म्हणाला, "आत्याला दवाखान्यात ठेवलंय म्हणा. आई चप्पल घालायलाही थांबायची नाही."

खरंच थांबली नसती. म्हणूनच ते मला खुपलं.

शहरात कुणी "कुठं जायचंय ते विचारू नकोस, नुसतं चल" म्हटलं तर माणूस हसत उठत असेल. आमच्याकडं या वाक्याला फार दिवस एकच अर्थ होता. हिचे वडील गेले तेव्हा घरोघर फोन नव्हते. चुलतभाऊ जीप घेऊन आला. "आण्णांना जरा बरं नाही, बघून येऊ," एवढंच म्हणाला. ही भाकरी थापत होती. पीठ परातीत तसंच ठेवून उठली, हात धुतले, एक शब्द विचारला नाही. जीपमध्ये कुणी बोललं नाही. गावाच्या शिवेवर माणसं उभी दिसली, तेव्हा हिनं हंबरडा फोडला. पुष्कळ दिवसांनी एकदा मला म्हणाली, "परातीवरनं उठवलं तवाच कळलं होतं. पण वाटंत रडता आलं न्हाई. तो बिचारा खोटं बोलत होता ना, त्याचं खोटं राखायचं होतं."

तो भाऊ वाईट माणूस नव्हता. बाईनं वाटभर आक्रोश करू नये, तिला सोसवेल तसं कळावं, म्हणून ही रीत. मायेपोटी बोललेलं खोटं होतं ते. आणि पोरगं सुचवत होतं तेही मायेपोटीच.

हेतू चांगला असला की खोटं चांगलं होतं का, हा प्रश्न धर्मराजाच्या 'नरो वा कुंजरो वा' इतका जुना आहे. आमचा मामला पनीरच्या भाजीचा. एवढी मोठी उपमा शोभत नाही. पण एक गोष्ट मला दिसते. हेतू असतो लपवणाऱ्याकडं. समोरच्याच्या वाट्याला नुसतं लपवणं येतं. आमच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत पाऊण तास लागतो. तो पाऊण तास हिनं देवाचा धावा करत काढला असता, आणि दारात आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. शेवटी आनंद झाला म्हणून आधीची भीती झालीच नव्हती, असं कसं म्हणायचं?

मग सगळं सांगून टाकावं? तेही जमेना. हिला विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं: "कशाला पैसे घालवायचे? घरीच पुरणाचं करते." आणि स्वतःच्या वाढदिवसाचा दहा माणसांचा स्वैपाक स्वतः करून शेवटी पातेलं पुसून जेवली असती. आमच्या घरातल्या बायकांचा नकार पुष्कळदा त्यांचा नसतोच. आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी तो त्यांच्या तोंडात बसवून ठेवलेला असतो. तो नकार मानणं म्हणजे तिचा मान राखणं, की आपली सोय बघणं? याचा निकाल माझ्याच्यानं लागला नाही. एवढंच ठरवलं, की काय आहे ते लपवायचं. काय नाही ते लपवायचं नाही.

त्यात दुसरीच अडचण निघाली. १९ वर्षांनी तारीख आणि तिथी जवळजवळ परत जुळतात, आणि ५७ म्हणजे तीन वेळा १९. जन्म मार्गशीर्षातला, तर २०२४ सालीही पाच डिसेंबरला मार्गशीर्षच. वर मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. म्हणजे हिचा उपास, कलशाची पूजा, संध्याकाळचा नैवेद्य. पोरानं हॉटेलात सातची वेळ सांगून ठेवली होती. मी साडेआठची करायला लावली आणि जिथं मांस-मच्छी शिजत नाही असं हॉटेल बघायला सांगितलं.

बुधवारी रात्री हिला म्हणालो, "उद्या नैवेद्य झाला की कऱ्हाडला जायचंय. वाईट काही नाही. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. कशाला ते तिथं कळेल."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "पोरं बरी हायत?"

"बरी आहेत."

"तुमचं काही?"

"माझंही काही नाही."

"मग रातच्याला स्वैपाक किती जणांचा करू?"

"करायचाच नाही." याचा धक्का तिला जास्त बसला.

दुसऱ्या दिवशी गाडीत ती गप्प बसेना. पोरानं फ्लॅट घेतला असणार. नाही? मग सुनेला परत दिवस गेले असणार. तेही नाही? मग तुमचं उसाचं बिल आलं असणार, पण त्याला मला कशाला न्यायला पाहिजे? बावीस किलोमीटरमध्ये तिनं जगातल्या जेवढ्या चांगल्या गोष्टी आमच्या घरात घडू शकतात तेवढ्या घडवून टाकल्या.

पोरगा मात्र नाराज होता. "बाबा, निम्मं फोडलंत. मजा गेली." कुणाची, ते मी विचारलं नाही.

केक बिनअंड्याचा आणायचं सूनबाईला सुचलं होतं. त्यावरचे पाच आणि सात हे आकडे बघून ही म्हणाली, "माझा? तो जूनला असतोय की." मी हिशेब सांगितला. तिनं स्वतः बोटांवर मोजला, पुन्हा मोजला. वाढायला आलेल्या पोऱ्याला "तू जेवलास का?" विचारलं, त्याच्या हातातला वाढपा घ्यायला एकदा उठलीही; नातवानं ओढून बसवलं. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"म्हणजे आई तवा सहा दिवसांची ओली बाळंतीण," ती म्हणाली. "अन् त्या थंडीत उघड्यावर."

उरलेला केक तिनं डब्यात घालून घेतला. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती आईकडं गेली.